नदीपलीकडची आमराई

मंडळी, ऐका! देवाचं नाव घेऊन झालं, आता जरा माणसांकडं वळू. मागं भिंतीला टेकून बसलेले हो — झोप आली तर झोपा, पण घोरू नका. आमच्या पेटीवाल्यांचा सूर बिघडतो.

एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं नाही. आपल्या गावात आपण नीट वागतो, बरोबर? वागावंच लागतं! शेजारीण बघते, सोयरे बघतात, आणि पारावर बसणारी मंडळी तर बघण्याशिवाय दुसरं काही करतच नाहीत. पण जिथं आपल्याला एकही माणूस ओळखत नाही, तिथं आपण कोण असतो? तिथं आपलं खरंखोटं कुणाच्या हवाली असतं?

सांगतो. फार पूर्वीची गोष्ट. तांबरी नावाची नदी. नदीच्या अलीकडं देवरुईचं राज्य, पलीकडं होसगडचं. अलीकडं मराठी, पलीकडं कानडी, आणि मधल्या वाळूत दोन्हीकडच्या म्हशी एकत्र लोळायच्या. म्हशींचं भांडण नव्हतं. राज्यांचं होतं!

देवरुईची एक रीत होती. धीट रीत! दर पाडव्याला, जो कुणी पदावर आहे — दिवाण असो, अंमलदार असो, नाक्यावरचा हवालदार असो — त्यानं तांबजाई देवीच्या देवळात यायचं, ओंजळीत भंडारा, म्हणजे देवीची हळद, घ्यायची आणि सगळ्या लोकांसमोर मोठ्यानं सांगायचं. माझं घर एवढं, शेत एवढं, गुरं एवढी, सोनंनाणं एवढं. सांगून झालं की लोक विचारणार, "आणखी काय?" तो म्हणणार, "आणखी काही नाही." मग भंडारा कपाळाला लावायचा आणि वर्षभर ताठ मानेनं फिरायचं.

आणि लपवायची सोय नव्हती हो! कुणी गुपचूप विहीर पाडली, तर त्या विहिरीचा दगड वाहणारा देवळात समोरच उभा. "आणि विहीर, सरकार?" — झालं, सरकार घामाघूम!

पण माणूस हुशार प्राणी. देवरुईत एक समजूत होती की तांबजाईची हद्द नदीच्या मध्यापर्यंत. देवीची पालखी तिथवर जायची आणि मागं फिरायची. आमच्या अंमलदारांनी त्यातून काय काढलं? भंडारा उचलायचा तो नदीअलीकडच्या मालमत्तेचा! पलीकडचं देवी विचारत नाही, मग आपण कशाला सांगायचं? वा रे वा! जिनं नदी केली, तिला नदी ओलांडता येत नाही म्हणे!

आता त्या राज्यात तलावांचा एक अंमलदार होता, गणोजी फडतरे. कुंभारड्याच्या तलावाचा बांध त्याच्या ताब्यात. दर वर्षी बांधाला दगड घालायचा म्हणून खजिन्यातून पैसा जायचा. आणि एका पावसाळ्यात तो बांध फुटला. आतून सगळी माती! दगडाचा पत्ता नाही. कुंभारड्याची शेतं गाळाखाली गेली, आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी राहिलं नाही.

लोक चिडले. पाडव्याला फडतरे उभा राहिला. "एक घर, एक बैलजोडी." लोकांनी विचारलं, "आणखी काय?" फडतरे म्हणाला, "आणखी काही नाही." सगळ्यांना माहीत की हा खोटं बोलतोय. पण दाखवणार काय? दगड जणू हवेत विरला!

राजा वयानं लहान. कारभार आई बघायची — राणी सगुणाबाई. त्यांनी दिवाणांना बोलावलं. दिवाण म्हणजे रंगोपंत. फार सरळ माणूस. पाडव्याला सगळ्यांत आधी भंडारा उचलायचा मान त्यांचा, आणि त्या रिवाजाचा अभिमान असा की स्वतःच्या लेकरासारखा जपायचे.

राणीसाहेब म्हणाल्या, "पंत, लोक पाडव्याला यायचे बंद झालेत. हळद स्वस्त झाली म्हणतात. पुढच्या पाडव्याला खरं बाहेर आलं नाही तर ही रीत मी मोडणार. खोटं बोलायलाच बोलवायचं, तर देवळात कशाला?"

पंतांना हे पटेना. रीत मोडली तर मग कुणाला काही विचारायची जागाच राहणार नाही. ते म्हणाले, "राणीसाहेब, आपल्या लोकांना अलीकडचं सगळं दिसतं. पलीकडचं बघायला पलीकडचे डोळे लागतील. मी होसगडच्या दिवाणांना भेटतो."

होसगडचे दिवाण होते शिवलिंगाप्पा. तेही तसेच करारी. आता भेटायचं तर कुणी नदी ओलांडायची? हे म्हणतात तुम्ही या, ते म्हणतात तुम्ही या. यातच हिवाळा संपला! शेवटी नदी आटली, आणि मधल्या वाळूत घोंगडं टाकून दोघे बसले. अर्धं घोंगडं इकडं, अर्धं तिकडं. हसू नका, तुमच्या गावात बांधावरून यापेक्षा जास्त होतं!

पंत म्हणाले, "आमच्या फडतरे अंमलदाराचं तुमच्याकडं काय आहे, तेवढं सांगा."

शिवलिंगाप्पा म्हणाले, "सांगतो की. पण आमच्या लोकांचं तुमच्याकडं काय आहे, तेही तुम्ही सांगायचं. आणि एकट्या फडतऱ्यांचं विचाराल तर नाही सांगणार. उद्या म्हणाल, आवडत नाही त्याचंच काढलं. पदावर आहे त्या प्रत्येकाचं विचारा. सगळ्यांचं सांगतो."

"मान्य. पण पदावरच्यांचंच. व्यापाऱ्याच्या पेटीत, विधवेच्या हांड्यात डोकावायचं नाही."

"बरोबर बोललात. ज्यानं भंडारा उचललाय, त्याचंच बघायचं."

किती शहाणी माणसं बघा! आता म्हणे देशादेशांत असं चालतं. इकडच्या साहेबानं इथं काय सांगितलं आणि परदेशात त्याचं काय आहे, ते एकमेकांना विचारून संगणकावर ताडून बघतात. शिवलिंगाप्पांकडं संगणक नव्हता. गावोगावचे पाटील होते. ते वाळूत येऊन बसले, आणि पंत एकेक नाव घेऊ लागले.

फडतऱ्याचं नाव घेतलं. कुणी ओळखेना! पंत हिरमुसले. शिवलिंगाप्पा म्हणाले, "नुसत्या नावानं कसं सापडेल, पंत? बापाचं नाव सांगा, गाव सांगा, बायकोचं माहेर सांगा." बायकोचं माहेर सांगितलं मात्र, एक पाटील म्हणाला, "असं होय! मग तो आमच्या गावचा दगडी वाडा. सासूच्या नावावर आहे. आणि दगड काय आहे महाराज — एकसारखा, घडवलेला, तलावाच्या बांधाला घालतात तसला!"

सापडला दगड! कुंभारड्याचा बांध होसगडात उभा होता, वर माडी चढवून!

पंत उठायला लागले. तोच पाटील म्हणाला, "अजून एक आहे. वाड्याच्या शेजारी आमराई आहे. ती रंगो माधव, गाव देवरुई, यांच्या नावावर. हे कोण म्हणायचे?"

मंडळी, रंगो माधव म्हणजे स्वतः पंत.

शिवलिंगाप्पांनी पंतांचा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं की या माणसाला हे माहीत नव्हतं. हळूच म्हणाले, "पंत, तुम्ही फडतऱ्यांसाठी आलात. ते मिळालं. आमराईचं आम्ही काही ऐकलं नाही, तुम्हीही ऐकलं नाही. मी माझ्या माणसांना सांगतो."

केवढी सोय! कुणी मागितली नव्हती, समोरच्यानं होऊन दिली. तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका. पंत एवढंच म्हणाले, "शिवलिंगाप्पा, पाडव्याला आमच्या देवळात या."

घरी आले. घरी थोरले भाऊ होते, नरसोपंत. सगळे अण्णा म्हणायचे. आईवडील लवकर गेले, तेव्हा अण्णांनी लग्न केलं नाही, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला, आणि धाकट्याला शिकवून दिवाण केलं. पंतांना बाप म्हणजे अण्णाच.

"अण्णा, नदीपलीकडं माझी आमराई आहे?"

अण्णा विडा लावत होते. हात थांबला नाही. "आहे की. रायवळ आंबा आहे, पण फार गोड म्हणतात."

"कुणी घेतली?"

"मी घेतली. तुझ्याकडं माणसं कामं घेऊन यायची. काही द्यायला लागली की तू परत पाठवायचास. मग ती माझ्याकडं बसायची आणि काहीतरी ठेवून जायची. तुला सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

"नसतं."

"म्हणून सांगितलं नाही."

"पण माझ्या नावावर का, अण्णा?"

"मग कुणाच्या? मला दुसरं आहे कोण? उद्या तुझं पद गेलं तर खाशील काय? आणि पलीकडचं कोण विचारतंय, रंगा?"

पंत खाली बसले. म्हणाले, "मीच विचारलं, अण्णा. विचारायची रीत मीच पाडून आलो."

इथं अण्णांवर रागावू नका हं. त्या आमराईतला एक आंबा त्या माणसानं कधी चाखला नव्हता. फडतऱ्यानं चोरी केली ती स्वतःसाठी. अण्णांनी केली ती प्रेमापोटी. पण भंडारा उचलून खोटं बोलले ते पंत! वर्षानुवर्षं, देवीसमोर, नकळत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी फडतरे भेटायला आला. हसत आला! वाळूत काय झालं ते त्याच्या कानावर गेलं होतं. आमराई त्याच्या वाड्याशेजारीच, ती कुणाची हे त्याला पहिल्यापासून ठाऊक. पंतांना म्हणाला, "पंत, तुमची झाडं, माझ्या भिंती. शेजारी शेजाऱ्याचं बोलत नसतो." आणि निवांत निघून गेला.

पाडवा उजाडला. शिवलिंगाप्पा आले म्हणून देवळात मुंगी शिरायला जागा नाही. पहिला मान पंतांचा. त्यांनी भंडारा घेतला. "घर एक. शेत बारा बिघे. गायी दोन." लोकांनी सवयीनं विचारलं, "आणखी काय?"

पंत म्हणाले, "आणखी आहे."

मंडळी, त्या देवळात हे शब्द आजवर कुणी उच्चारले नव्हते! पंत म्हणाले, "पलीकडं माझ्या नावावर आमराई आहे. मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण माहीत नव्हतं म्हणून ती माझी नाही, असं होत नाही. माझं पद बघूनच ती माझ्याकडं आली. आजवर मी इथं अपुरं सांगितलं." भंडारा त्यांनी कपाळाला लावला नाही. परत ताटात ठेवला.

मग फडतरे. त्यानं ओंजळ पुढं केली. समोर शिवलिंगाप्पा बसलेले, शेजारी तो पाटील. फडतऱ्यानं पंतांकडं बघितलं. आता या माणसाला भीती कशाची घालणार? त्याच्याकडं लपवायला काही राहिलंच नव्हतं! फडतरे म्हणाला, "एक घर, एक बैलजोडी..." आणि थांबला. कुंभारड्याची माणसं पुढं बसली होती. त्यातली एक बाई शांतपणे म्हणाली, "आणखी काय, दादा?"

फडतऱ्यानं ओंजळ ताटात रिकामी केली. आणि त्यानं सगळं सांगितलं. वाडा, माडी, सासूचं नाव, सगळं.

राणीसाहेबांनी निवाडा केला. फडतऱ्याचं पद गेलं, शिवलिंगाप्पांच्या संमतीनं वाडा उतरवला, आणि दगड कुंभारड्याच्या बांधाला परत आला. आमराई विकून त्या गावाची विहीर झाली. पंतांना त्या म्हणाल्या, "रीत तुम्ही वाचवलीत. पण पद सोडा. तुम्हाला सूट दिली तर उद्या दुसऱ्या कुणा फडतऱ्याला कोणत्या तोंडानं बोलू?" पंत म्हणाले, "बरोबर आहे." लोक रडत होते. त्या वर्षापासून दोन्ही राज्यांचे पाटील दर उन्हाळ्यात वाळूत बसू लागले, आणि पाडव्याला माणसं पुन्हा दाटीवाटीनं येऊ लागली.

पंत बाहेर आले. पायरीशी अण्णा उभे. "रंगा, तुझं वाटोळं मी केलं रे."

पंतांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "नाही अण्णा. पण आता माझ्यासाठी जे कराल ते मला विचारून करा." आणि दोघे घरी गेले.

आता तुमच्याकडं येतो! इतका वेळ फडतऱ्याला हसलात. मला त्याची काळजी नाही. तो आज ना उद्या सापडतोच, कुणीतरी पलीकडून बघतंच. मला काळजी अण्णांची आहे, आणि इथं अण्णा बरेच बसलेत. कुणाचा मुलगा साहेब आहे, कुणाची सून पंचायतीत आहे, कुणाचा जावई मोठ्या खुर्चीवर आहे. मागच्या दारानं आलेली पिशवी तुम्ही ठेवून घेतली. त्याच्या भल्यासाठीच घेतली, मला मान्य आहे. पण उद्या चार लोकांत उभं राहून "माझं एवढंच" असं तो म्हणेल, तेव्हा त्याला खोटं पाडणारे तुम्ही असाल. ज्याच्यासाठी एवढ्या खस्ता खाल्ल्या, त्यालाच!

तेव्हा घरी जा आणि त्याला सगळं सांगून टाका. उद्यावर ढकलू नका, आजच, ताटं वाढायच्या आधी सांगा. तो चिडेल, ओरडेल, सांगणं लांबेल. जेवण गार झालं तर होऊ द्या.