फळ्यावरची पहिली ओळ

आजच्या सभेच्या अध्यक्षा, शाळेच्या मोठ्या बाई. व्यासपीठावरचे आपले मावळते नगरसेवक. त्यांच्या शेजारी बसलेल्या नव्या नगरसेविका. रस्तेखात्याचे इंजिनिअर साहेब, जे आज पहिल्यांदाच वेळेवर आलेत. समोर बसलेल्या वॉर्डातल्या लेकीसुना, बापेमाणसं, आणि मागे दाराशी चहाच्या किटलीवर नजर ठेवून उभी असलेली मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. नात म्हणाली, "आजी, लिहून ने, नाहीतर तू कुणाला तरी धरशील." म्हणून लिहून आणलंय. माझी शाळा दुसरीपर्यंत. माझं अक्षर मलाच लागत नाही, तेव्हा मध्ये थांबले तर विसरले असं समजू नका. आणि धरायचं त्याला मी धरणारच आहे.

आपल्या नगरसेवकांना मी तोंडावर फळामास्तर म्हणते. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी दहा, पाण्याच्या टाकीखाली. स्कूटरला फळा बांधून यायचे, भिंतीला टेकवायचे आणि उभ्यानं सांगायचे, कुठलं काम झालं, कुठलं अडलं, कुठल्या साहेबाच्या टेबलावर झोपलंय. झालेल्या कामाची ओळ मात्र स्वतः कधी पुसायचे नाहीत. ज्याची तक्रार, त्यानं उठायचं आणि आपल्या हातानं पुसायचं. आमच्या शिंपीणबाईनं गल्लीतला दिवा लागल्यावरही फडकं हातात घ्यायला नकार दिला होता. "महिनाभर लागू दे, मग पुसते." यांनी वाट पाहिली. दिवा विसाव्या दिवशी गेला. मग पुन्हा धावाधाव. असा माणूस तुम्ही दुसरा पाहिलाय का? मी पाहिला नाही, आणि मी पुष्कळ पाहिलेत.

मी स्वतः गटाराचं झाकण पुसलंय, कोपऱ्यावरचा नळ पुसलाय, दवाखान्याच्या पायऱ्या पुसल्यात. राहिली ती सगळ्यात वरची ओळ. कालव्यावरचा पादचारी पूल. अकरा वर्षं झाली. खडू पुसट झाला की मास्तर पुन्हा गिरवतात.

माझी धाकटी बहीण कालव्याच्या पलीकडे राहते. पूर्वी लाकडी पूल होता. मी चहाचं आधण ठेवून तिच्याकडून साखर आणायला जायचे, आणि येईपर्यंत पाणी उकळतही नसे. एक दिवस पोस्टमनचा पाय फळी मोडून गुडघ्यापर्यंत आत गेला आणि वॉर्डात ओरड सुरू झाली, पूल पाडा. मास्तर म्हणाले, "जरा दमानं घ्या. आधी नवा उभा राहू दे, मग जुना काढू. तोवर फळ्या बदलून वापरू." त्यावर भर सभेत कुणीतरी त्यांना म्हणालं, "पाय तुमचा अडकला असता तर थांबला असतात का?" सगळे हसले. अर्ज निघाला, सह्या झाल्या, आणि तीन दिवसांत पूल जमीनदोस्त. पाडायच्या कामाला आपल्याकडे कधी कुणी टेबलावर झोपवत नाही.

मग कळलं की वॉर्डाची हद्द कालव्याच्या मधोमध जाते. अर्धा पूल आमचा, अर्धा पलीकडच्या वॉर्डाचा. ते म्हणाले, आधी तुम्ही बांधा. हे म्हणाले, अर्धा बांधून लोकांना पाण्यात उतरवू का? तिथून पुढे फाइल इकडून तिकडे जाते, माणसं जात नाहीत.

मी दर महिन्याच्या त्या रविवारी उभी राहून विचारायचे, "मास्तर, पूल?" "पाठपुरावा चालू आहे, आजी." तुम्ही खो खो हसायचात. आज हसू नका. ते भर सभेत बोलणारं कुणीतरी म्हणजे मी. अर्जावर पहिली सही माझी, हे एवढं मोठं अक्षर. तो कागद यांच्या पिशवीत असायचा, मी पाहिलाय. एकदा बाहेर काढला असता तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. अकरा वर्षांत काढला नाही. आणि मी दर महिन्याला आणखी मोठ्यानं ओरडायचे, म्हणजे मला दुसरं काही ऐकू येऊ नये.

तुम्ही म्हणाल, फोन आहे की. आहे. ती बहिरी आणि मी तापट, फोन बिचारा काय करेल? दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती गॅलरीत खुर्चीवर. रोज सकाळी कठड्यावर पिवळा टॉवेल टाकते, म्हणजे बरी आहे. मी माझा लाल पट्ट्यांचा टाकते. तिचं डोकं पांढरं झालंय की मागची भिंत पांढरी आहे, ते इथून कळत नाही.

गेल्या महिन्यात दोन दिवस टॉवेल नव्हता. तिसऱ्या दिवशी आला, पण वाकडा. ती कडेला कड जुळवते. तो तिच्या हातचा नव्हता. त्यानंतर रोज वाकडाच येतो.

रस्त्यानं फिरून जायचं तर दोन बस. पहिल्या बसची पायरी माझ्या गुडघ्याएवढी, आणि गुडघे माझ्या वयाचे. मुलगा म्हणतो, "रविवारी नेतो," आणि त्याचा रविवार गॅरेजात लोकांच्या गाड्यांखाली आडवा पडून जातो.

मघाशी संयोजक कानात म्हणाले, "आजी, आज वरची ओळ तुमच्या हातानं पुसा, नव्या बाईंना कोरा फळा देऊ, फोटो छान येईल." मी पुसणार नाही. काम झालेलं नाही. नव्या बाई, हा फळा असाच घ्या. पलीकडच्या वॉर्डातही नवा माणूस निवडून आलाय म्हणतात. त्याला एकदा कालव्यावर बोलवा आणि हद्द दाखवायला सांगा. पाण्यावर दिसते का बघू.

आणि मास्तर, तुम्ही आजपासून रिकामे. उद्या सकाळी नऊला बसथांब्यावर या. मला चढायला हात लागतो. अकरा वर्षं जे बोलला नाहीत ते वाटेत बोला, मी उलट उत्तर देणार नाही. निदान पहिल्या बसमध्ये तरी देणार नाही.

मला बोलू दिलंत, सगळ्यांची आभारी आहे. कुणाला माझं बोलणं झोंबलं असेल तर त्यानं पोटात घालावं; म्हातारीचं आहे म्हणून नको, खरं आहे म्हणून. उद्या अकराच्या सुमारास कालव्याकडे कुणी गेलंत तर पलीकडे दुसऱ्या मजल्यावर बघा. पिवळा टॉवेल सरळ दिसला आणि शेजारी लाल पट्ट्यांचा दिसला, तर आम्ही पोचलो.