सहावं हॉटेल

"सहावं हॉटेल हे. पायांचे तुकडे पडलेत माझे," रांगेतली बाई नवऱ्याजवळ कुरकुरली. मागे शिवणकामाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका मावशींनी कान टवकारले.

"लेकीचा वाढदिवस आहे ना? चल, दाखव ते ॲलर्जीचं कार्ड," नवरा म्हणाला.

काउंटरवाल्याने कार्ड वाचलं. "शेंगदाणा चालत नाही? काळजी सोडा ताई, वरचे दाणे वेचून देतो."

"अहो, श्वास कोंडतो तिचा. कढई तरी वेगळी आहे का?"

"कढई एकच."

"सातवं बघू," नवरा म्हणाला.

"बाबा, आईच्या पर्समध्ये माझा घरचा डबा आहे. दरवर्षी असतो," लेक म्हणाली.

"असू दे गं. मोठी झालीस की जाईल हे शेंगदाण्याचं," तो म्हणाला.

मावशी उगीचच पिशवीचा बंद आवळत राहिल्या.

"बाबा, आज अठरा पूर्ण झाली मला. हे जाणार नाहीये."