मुलाआधी घराणं बघणारा वसंता

मंडळी, "शोकसभेत वसंताबद्दल तुम्ही बोला," असं सुनंदावहिनी काल फोनवर म्हणाल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. रडू येईल म्हणून नाही. खरं बोलून बसेन म्हणून. तर त्या म्हणाल्या, "खरंच बोला भावजी, गोड बोलायला बाकीचे आहेत." तेव्हा आता ऐकून घ्या.

माझा वसंतावर जळफळाट होता. होता काय, आहे. मघाशी या हॉलमध्ये शिरलो, मागे भिंतीपाशीसुद्धा माणसं उभी दिसली, आणि पहिला विचार काय आला सांगू? माझ्या वेळेला एवढी येतील का? अर्धं मराठी लेस्टर इथे आहे. त्याच्या बँकेतले लोक आहेत. आणि तिकडे खिडकीशी आइस हॉकीच्या पोरांच्या आया बसल्यात. एकीला तरी मराठी कळतंय का? तरी आल्यात!

ज्यांना आमचा उद्योग माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आठवडाभर तो बँकेत, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. वीकेंडला दोघंही बर्फाच्या रिंकवर. कॅनडातल्या एका क्लबसाठी इथली तरुण मुलं हेरायची. तिकडचे व्यावसायिक क्लब दर उन्हाळ्यात पाळीपाळीने मुलं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी कोण किती पाण्यात आहे ते कळवायचं, हे आमचं काम. इंग्लंडमधून क्वचितच कुणी निवडलं जातं. "म्हणूनच तर त्यांना दोन मराठी माणसं परवडतात," असं वसंता म्हणायचा.

मी कष्टाळू माणूस. स्टॉपवॉच, व्हिडिओ कॅमेरा, दोन-दोन स्वेटर. मुलगा वळतो कसा, उलटं स्केटिंग करतो कसा, धक्का खाऊन उठतो कसा, सगळं बघणार. आणि वसंता कुठे? कॅफेत! वहिनींच्या चकल्यांचा डबा उघडून आयांच्या घोळक्यात बसलेला.

"अरे, मॅच बघ ना."

"तू बघतोयस ना? मी घराणं बघतो."

अगदी स्थळ बघायला गेल्यासारखा! वडील किती उंच? मामा किती उंच? आजोबांचे गुडघे शेवटपर्यंत धड होते का? मुलगा हरून आला की जेवतो का? जेवला तर ताट उचलतो का? सतराव्या वर्षी मुलगा अर्धाच दिसतो, बाकीचा अर्धा नातेवाइकांत असतो, असं त्याचं म्हणणं. ज्या बायकांनी मला कधी नाव विचारलं नाही, त्या याला आपल्या सासूची गाऱ्हाणी सांगायच्या.

आणि मंडळी, त्याचं बरोबर निघायचं. सगळा ताप तिथेच होता. शेफील्डचा एक गोलकीपर होता. मी म्हटलं, हिरा आहे. वसंता म्हणाला, सकाळी उठवायला आईला रोज भांडावं लागतं, नको. वर्षभरात त्या हिऱ्याने खेळच सोडला. क्लबचे साहेब इकडे यायचे, मी केलेल्या टेपा बघायचे, आणि मान वळवून विचारायचे, "सो, वसंत, वॉट डू यू थिंक?" टेपा माझ्या! थंडीत बोटं माझी गोठली, आणि मत याचं!

मग आला जेमी. कॉव्हेंट्रीचा. उंचीला कमी, पण काय चपळ! मोठी पोरं आडवी आली की हा त्यांच्या बगलेखालून पसार. मी म्हटलं, याला घ्यायलाच हवं. वसंता त्याच्या आईबरोबर चहा पिऊन आला आणि मान हलवली.

"अन्या, आई बुटकी, बाप बुटका, मामाचं तर विचारूच नकोस. हा वाढायचा नाही. तिकडचे रेडे याला भिंतीला चिकटवतील."

जेमीची आई आज इथे आहे. तिला मी काय बोलतोय ते कळत नाहीये, ते बरंच आहे.

आख्खा सीझन भांडलो आम्ही. मोटरवेवर भांडलो, वहिनींच्या स्वयंपाकघरात भांडलो. मी कळवलं, घ्या. त्याने कळवलं, घेऊ नका. मला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, वसंताला हरलेलं बघायचं होतं. मग तो आजारी पडला. भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो, तर द्राक्षांबरोबर जेमीची डीव्हीडी ठेवून आलो. मुद्दाम.

ड्राफ्ट पुढच्या महिन्यात आहे. आणि हा मंगळवारी गेला. निकालाच्या आधी! असं कुणी जातं का? जेमीला घेतलं, तर मी बरोबर ठरेन. पण कुणापुढे? फोन कुणाला करू मी?

काल वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. वसंताने ती डीव्हीडी पाहिली. पुन्हा लावायला सांगून पुन्हा पाहिली. मग साहेबांना फोन लावून घेतला. धाप लागत होती, नर्स रागावत होती, तरी बोलला. म्हणाला, "माझं चुकलं. मी घरच्यांना बघत बसलो, पोराला बघायचं राहूनच गेलं. अनंत सांगतो ते ऐका." फोन ठेवला आणि वहिनींना म्हणाला, "अन्याला सांगू नकोस हं, शेफारेल."

म्हणजे मी जिंकलो, मंडळी. हवं होतं ते मिळालं. आणि तुम्हाला वाटेल मला भरून आलं असेल. आलं, पण नंतर. आधी हेवाच वाटला. ऊर फुटेपर्यंत हेवा वाटला. कारण मला हे जमलं नसतं. त्या पलंगावर मी असतो आणि त्याचं म्हणणं खरं निघालं असतं, तर मी तोंड मिटून गेलो असतो. मुलं पारखण्यात त्याच्या पुढे जायला मी इतकी वर्षं धडपडलो, आणि हा पठ्ठ्या भलत्याच बाबतीत पुढे निघून गेला. आता तिथे कसं गाठायचं त्याला?

वहिनी, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

आता सगळे उभे राहू या. एक मिनिट कुणी काही बोलायचं नाही, मीसुद्धा नाही.

वसंता, कळलं रे मला. पण शेफारलो नाही. शेफारायलासुद्धा समोर तूच लागतोस.