सारवलेली भिंत

बसा घडीभर, कडा गावातल्या पाण्याच्या टँकरच्या रांगेतलं बोलणं सांगतो. धोंडीराम घागर घेऊन उभा होता, पण जीव घरी लेकीपाशी होता. मागं त्याचा शेजारी राधाकिशन.

“तुझी गोदी सा महिने झाले बोलत न्हाई म्हणं?”

“डाक्टरीणबाई म्हणल्या, मनाचं दुखणं हाय. गोळ्या देत्यात, अन् बेस्तरवारी पोरींना चितरं काढाया बसवत्यात.”

“चितरानं दुखणं जातं व्हय बे?”

“मलाबी तसंच वाटलं. गोदीनं घरातली अख्खी भिंत कोळशानं काळी केली. मला भ्याव वाटलं, म्हणून घागरभर पाणी घालून शेणानं सारवून टाकली.”

“असल्या दुष्काळात?”

“तेच गोदी म्हणली. ‘आबा, प्यायचं पाणी घालून माझं झाड कावून पुसलं?’ लई भांडली.”

“मंग?”

“मंग काय, मला रडूच आलं. सा महिन्यानं पोरगी भांडली माझ्याशी. भाकर खाल्ली, अन् परत कोळसा घेऊन बसली.”

“येडा हाईस तू.”

“आसंन. आता घागर न्ह्यायला तीच येतीय. राधाकिशन, चितराचा इषय निघाला तर नुस्तं ‘छान हाय’ म्हणून सोडू नकु. काय काढलंय ते इचार, अन् ती सांगंल तवर ऐकत उभा ऱ्हा.”