पहिली मूठ

आनेकलच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी होत्या. बियाणं वाटणाऱ्या संस्थेतली सुखदा आणि शेतकरी रत्नक्का.

“अक्का, आमच्या बियाण्याची नाचणी कशी आली?”

“दुप्पट आली. सगळं गाव पोटभर जेवतंय.”

“मग चेहरा का असा?”

“आमच्यात नव्या धान्याची पहिली मूठ छपरावर ठेवतात. पाखरांनी खाल्ली की मगच घरात शिजवायची.”

“बरं.”

“ती अजून तशीच आहे. कोंबड्या चोच लावत नाहीत. मुंग्यासुद्धा वळसा घालून जातात.”

“लॅबमध्ये सगळं टेस्ट केलंय, अक्का. एकदम सेफ आहे. तुम्ही खाताय ना?”

“खातोय की. घरात दुसरं काय आहे?”

“मग कोणाला काही त्रास?”

“त्रास जरासुद्धा नाही. फक्त आता आम्हाला डास चावत नाहीत.”