दुसरा गोळा

जपानमधल्या ताकामात्सूतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूबाई मोबाईल नाकाशी धरून वाचत होत्या.

“चिहारू, ऐक गं. एका सुनेनं लिहिलंय, सासरी नव्या वर्षाच्या सूपमध्ये गोड सारणाचा तांदळाचा गोळा घालतात, तो तिच्या घशाखाली उतरत नाही. तरी अकरा वर्षं सासूचं मन राखायला दुसराही मागून खाते म्हणे!”

“कुठे वाचताय हे?”

“ती साइट नाही का, लोकांच्या ग्रुपवरच्या गप्पा उचलून छापते? मध्ये मध्ये गुडघेदुखीच्या गोळ्या विकतात बघ.”

“पण ते तर लगेच पुसलं होतं!”

“कोणी?”

“तिनं. म्हणजे... पुसलं असेल.”

“त्याआधीच यांनी उचललं असणार. खाली चारशे जण सासूला नावं ठेवतायत.”

“आई, चुकलं माझं.”

“माझं माहेर मात्सुयामाचं, तिकडे सूपमध्ये गोड गोळा घालतच नाहीत. मला तरी कुठे आवडतो तो गोळा? तुझ्या सासऱ्यांना लागायचा.”

“मग ते गेल्यावरही का करत राहिलात?”

“तू दरवर्षी दुसरा मागायचीस ना!”