झरे कोण साफ ठेवतं

परदेशी जाणाऱ्यांच्या लसीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी बसल्या होत्या.

"दोन वर्षं परक्या मुलखात फुकट राबायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं?"

"स्वयंसेवक म्हणून जातेय गं. ते काम एमएस्सीतच धरतात. तिथेच राहून प्रबंध लिहायचा."

"कशावर?"

"डोंगरातल्या झऱ्यांवर. तरुण मुलं गाव सोडून गेली की झरे साफ कोण ठेवतं, ते बघायचं."

"आणि कोण ठेवतं?"

"म्हातारी माणसंच, बहुतेक. त्यांच्या घरी राहायचं, हाताखाली काम करायचं, त्यांना बोलतं करायचं."

"तुझे बाबा गाळ काढायला एकटे विहिरीत उतरले, तेव्हा तुला एक रविवार मिळाला नाही."

"आई, इथे नको ना."

"नाही बोलत. तुझा नंबर आला, बाही वर कर. आणि सुईकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ."